वर्गखोलीतून कारखान्याकडे

पूर्वी गावच्या लोहारसाळेत शिकावयास आलेल्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी हातोडा मिळत नसे. त्याने आधी भाता ओढावा, कोळसा सारखा करावा, तापलेल्या लोखंडाचा रंग ओळखण्यास शिकावे आणि मग ऐरणीपाशी उभे राहावे, असा क्रम होता. हा क्रम शहाणपणाचा होता. परंतु त्यात एक धोकाही होता. एखाद्या मुलाची वर्षे भाता ओढण्यातच सरत आणि हातोडा त्याच्या हाती कधी येतच नसे.

आज मोठ्या कारखान्यात प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हाच प्रश्न नव्या स्वरूपात उभा असतो. कारखान्यात घालविलेल्या काळात त्याच्या हाती एखादे कौशल्य येते की कारखान्याला केवळ दोन जादा हात मिळतात, यावर त्या प्रशिक्षणाचे मोल ठरते. ग्रामीण भागातील अनेक कुटुंबांच्या दृष्टीने मुलाला किंवा मुलीला तांत्रिक शिक्षण देणे ही मोठीच गुंतवणूक असते. ती फळास यावयाची असेल तर कारखान्यातील प्रशिक्षण म्हणजे काय, त्यात विद्यार्थ्याचे हक्क कोणते आणि त्याच्यावर लक्ष कोणी ठेवावयाचे, हे शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी आणि गावच्या लोकप्रतिनिधींनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

जुनी परंपरा, नवा कायदा

हाताने काम करीत शिकण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यातील अभियांत्रिकी शिक्षणाचा आरंभ १८५४ मध्ये झाला, तर मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ मध्ये स्थापन झाली. याच संस्थेत शिक्षक असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे नोकरी सोडून बेळगावात व्यवसाय केला आणि १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर कारखाना उभारला. आसपासच्या खेड्यांतील माणसे तेथे यंत्रावर काम करण्यास शिकली. किर्लोस्करवाडी ही केवळ नांगर तयार करणारी वसाहत नव्हती. शेतकऱ्यांच्या घरांतून कारागीर घडविणारी ती एक शाळाच होती.

स्वातंत्र्यानंतर उद्योगांचा विस्तार झाला आणि शिकविण्याचे हे काम मालकाच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, हे स्पष्ट झाले. संसदेने शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ संमत केला व तो १ मार्च १९६२ पासून अमलात आला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापनाही १९६२ मध्येच झाली. एकीकडे कारखान्यांसाठी जमीन, पाणी व रस्ते यांची सोय होऊ लागली आणि दुसरीकडे त्या कारखान्यांतून नवी पिढी शिकून बाहेर पडावी, अशी कायद्याची चौकट तयार झाली. आरंभी हा अधिनियम प्रामुख्याने फिटर, टर्नर, वेल्डर यांसारख्या व्यवसायांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले, तर १९८६ मध्ये बारावीच्या स्तरावरील व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांचा समावेश झाला. २०१४ च्या दुरुस्तीने अन्य शाखांच्या पदवीधरांनाही हे दार खुले झाले.

प्रशिक्षणाच्या वाटा

विद्यार्थी कारखान्यात दोन प्रमुख वाटांनी जातो. या वाटांतील फरक अनेक पालकांच्या, काही वेळा शिक्षकांच्याही, ध्यानात येत नाही.

पहिली वाट अभ्यासक्रमाची आहे. पदविका किंवा पदवी घेत असतानाच विद्यार्थी काही आठवडे अथवा एक सत्र कारखान्यात घालवितो, तेथील कामाचा अहवाल सादर करतो आणि त्यास गुण मिळतात. यात तो सर्वस्वी आपल्या शिक्षणसंस्थेचा विद्यार्थी राहतो. त्याला विद्यावेतन मिळेलच असे नाही; ते बहुधा कारखान्याच्या धोरणावर अवलंबून असते.

दुसरी वाट शिकाऊ उमेदवारीची आहे. येथे उमेदवार आणि कारखाना यांच्यात लेखी करार होतो व त्याची नोंदणी होते. ३० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर ठराविक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे. २०१९ मध्ये नियमांत झालेल्या दुरुस्तीने हे प्रमाण कर्मचारीसंख्येच्या अडीच ते पंधरा टक्के ठेवण्यात आले. त्याच दुरुस्तीने किमान मासिक विद्यावेतन शैक्षणिक पात्रतेनुसार ५,००० ते ९,००० रुपये निश्चित करण्यात आले. त्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र असलेल्यांसाठी ७,०००, पदविकाधारकांसाठी ८,००० व पदवीधरांसाठी ९,००० रुपये अशी तरतूद होती. या दरांचा फेरविचार होत असतो. म्हणून करार करताना त्या वेळी लागू असलेला दर पाहून घेणे इष्ट ठरते.

यांखेरीज राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तिच्या आरंभी प्रशिक्षणाचा काळ सहा महिने व विद्यावेतन बारावी उत्तीर्णांसाठी ६,०००, औद्योगिक प्रशिक्षण संस्था किंवा पदविका उत्तीर्णांसाठी ८,००० आणि पदवीधरांसाठी १०,००० रुपये असे ठेवण्यात आले होते. वाट कोणतीही असो, कारखान्याच्या आत गेल्यावर विद्यार्थ्याला येणारा अनुभव बराचसा सारखा असतो.

पहिले दिवस

उदाहरणादाखल मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याच्या गावचा, शासकीय तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. पिंपरी-चिंचवड परिसरातील, वाहनांचे भाग तयार करणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात तो बारा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी येतो. ही कोणा एका मुलाची हकीकत नव्हे. अनेकांच्या वाट्याला येणाऱ्या अनुभवाचे हे प्रातिनिधिक चित्र आहे.

चार मुलांनी मिळून घेतलेली एक खोली, सकाळच्या पाळीसाठी पहाटे उठणे आणि बसथांब्यावरची गर्दी येथून त्याच्या शिक्षणाला सुरुवात होते. पाळी सातला सुरू होत असेल तर सातला यंत्रापाशी उभे असावे लागते, प्रवेशद्वारापाशी नव्हे, हा पहिला धडा त्याला कोणी शिकवीत नाही. तो आपोआप मिळतो.

पहिला दिवस सुरक्षिततेच्या माहितीत जातो. पोलादी टोपीचे बूट, डोळ्यांना चष्मा, आवाजाच्या विभागात कानांत बोळे, जमिनीवर रंगविलेल्या पट्ट्यांच्या आतूनच चालणे, या गोष्टी त्याला सहज पटतात. परंतु फिरत्या लेथपाशी हातमोजे घालून जाऊ नये, हा नियम त्याला चकित करतो. हातमोजे हाताच्या रक्षणासाठी असतात, अशीच त्याची समजूत असते. मोज्याचा धागा फिरत्या जॉबमध्ये अडकला तर मोज्याबरोबर हातही ओढला जातो, हे ऐकल्यावर प्रत्येक नियमामागे कोणाचा तरी अपघात उभा असतो, हे त्याच्या लक्षात येते. अंगावरील धूळ दाबलेल्या हवेच्या नळीने झटकू नये, सैल बाही किंवा बोटात अंगठी घालून यंत्रावर काम करू नये, हेही त्याला त्याच दिवशी सांगितले जाते.

पहिल्या आठवड्यात त्याला सर्वांत जाचतो तो संकोच. आराखड्यांवरील मजकूर इंग्रजी, सूचना हिंदीत आणि कामगारांचे बोलणे मराठी, हिंदी व कारखानी शब्दांच्या मिश्रणात चालते. ज्या वस्तूंची नावे त्याने पुस्तकात वाचलेली असतात त्याच वस्तू येथे वेगळ्या नावांनी ओळखल्या जातात. न समजलेले विचारावे तर अज्ञान उघडे पडेल, अशी भीती त्याला वाटते. जो विद्यार्थी ही भीती पहिल्या आठवड्यात टाकतो त्याचे उरलेले अकरा आठवडे कारणी लागतात, असे अनुभवी प्रशिक्षक सांगतात.

मापाची शिस्त

संस्थेच्या कार्यशाळेत विद्यार्थ्याने केलेल्या जॉबला दहापैकी सात गुण मिळाले तर तो उत्तीर्ण होतो. कारखान्यात सात गुणांचा भाग नसतो. भाग मापात बसतो किंवा बसत नाही. न बसणारा भाग पुढे गेला तर त्याचे परिणाम गाडी चालविणाऱ्या अनोळखी माणसाला भोगावे लागतात.

समजा, ५० मिलिमीटर व्यासाचा एक पोलादी दांडा लेथवर तयार होत आहे. आराखड्यानुसार त्याचा व्यास ५०.००० ते ४९.९८४ मिलिमीटर यांच्या दरम्यान असावयास हवा. म्हणजे मान्य फरक अवघा ०.०१६ मिलिमीटर, माणसाच्या केसाच्या जाडीहूनही बराच कमी. विद्यार्थी लेथवरून नुकताच उतरलेला दांडा मायक्रोमीटरने मोजतो. माप बरोबर येते. तो तसे लिहितो आणि पुढचे दहा दांडे त्याच रीतीने मोजतो. तासाभराने तपासणी कक्षातून निरोप येतो की सर्व दांडे मापापेक्षा बारीक आहेत.

मायक्रोमीटर बरोबर होता आणि विद्यार्थ्याचे वाचनही बरोबर होते. परंतु दांडे गरम होते. पोलाद तापले की प्रसरण पावते. मायक्रोमीटरपेक्षा ३० अंश सेल्सिअसने अधिक तापलेला ५० मिलिमीटरचा दांडा सुमारे ०.०१७ मिलिमीटर मोठा भरतो, म्हणजे मान्य फरकापेक्षाही थोडा जास्त. तो थंड झाल्यावर आकसतो आणि मापाबाहेर जातो. याच कारणासाठी जगभर मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस मानले जाते आणि मोठ्या कारखान्यांतील तपासणी कक्ष वातानुकूलित ठेवलेले असतात.

उष्णतेने धातू प्रसरण पावतात, हे वाक्य विद्यार्थ्याने शाळेत पाठ केलेले असते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसविताना लोहार ती आधी लालभडक तापवितो आणि बसविल्यावर पाणी ओततो, म्हणजे ती आकसून चाकाला घट्ट धरते, हे गावात त्याने पाहिलेले किंवा आजोबांकडून ऐकलेले असते. पाठ केलेले वाक्य, गावची धाव आणि हातातला नाकारलेला दांडा या तीन गोष्टी एकच आहेत, हे त्याला या कारखान्यात उमगते. वर्गखोली आणि कारखाना यांची सांगड पडते ती अशा क्षणी.

चुकीची कबुली

या प्रसंगाचा दुसराही एक धडा आहे. दांडा जाड राहिला तर आणखी छिलता येतो; बारीक झालेल्या दांड्यावर छिललेला धातू परत चढविता येत नाही. ते दांडे बाद होतात. त्याआधीच्या पेटीतील दांडेही आपण गरम असतानाच मोजले होते, हे एव्हाना विद्यार्थ्याच्या लक्षात आलेले असते आणि ती पेटी पुढच्या विभागाकडे निघालेली असते. ही गोष्ट त्याच्याशिवाय कोणालाही ठाऊक नसते.

तो गप्प राहिला तर त्याला त्या दिवशी कोणी विचारणार नाही. परंतु त्या दांड्यावर बसणारे बेअरिंग सैल बसेल आणि केव्हातरी, कोठेतरी ते निकामी होईल. विद्यार्थी यंत्रावरील वडीलधाऱ्या कारागिराला भीतभीतच म्हणतो, “काका, आधीची पेटीही मी तशीच मोजली होती.” कारागीर त्याला घेऊन पर्यवेक्षकाकडे जातो, पेटी थांबविली जाते, दांडे थंड करून पुन्हा मोजले जातात आणि मापाबाहेरचे वेगळे काढले जातात. चांगल्या कारखान्यात अशा वेळी अपराधी शोधण्यापेक्षा चूक कशी घडली याचा शोध आधी घेतला जातो. त्या यंत्रापाशी दुसऱ्या दिवशी एक पाटी लागते : दांडा थंड झाल्याशिवाय मोजू नये. ती पाटी विद्यार्थ्याच्या कबुलीमुळे लागलेली असते. परीक्षेच्या गुणपत्रिकेत या गोष्टीला रकाना नाही. तरीही त्या बारा आठवड्यांची सर्वांत मोठी कमाई हीच ठरू शकते.

भाता की हातोडा

येथवर सर्व ठीक चालते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मात्र लोहारसाळेतील जुना धोका डोके वर काढतो. मागणी वाढलेली असते, काही कामगार रजेवर असतात आणि विद्यार्थी एका यंत्रावर भाग चढविण्या-उतरविण्यात तरबेज झालेला असतो. दोन दिवसांसाठी म्हणून त्याला त्या यंत्रावर ठेवले जाते. दोन दिवसांचा आठवडा होतो, आठवड्याचे दोन होतात. विद्यार्थी तक्रार करीत नाही. आपल्यावाचून काम अडते याचे त्याला अप्रूप वाटते आणि तक्रार केली तर प्रमाणपत्रावर परिणाम होईल, अशी धास्तीही असते. प्रत्यक्षात त्याचे शिक्षण दुसऱ्या दिवशीच थांबलेले असते.

ही गोष्ट उघडकीस आणते ती त्याची दैनंदिनी. प्रत्येक दिवशी काय केले व काय शिकलो, हे विद्यार्थ्याने तीत लिहावयाचे असते. आरंभीच्या पानांवर आकृत्या, मापे आणि प्रश्न असतात. पुढे नोंदी आखडत जातात आणि सलग काही दिवस “कालच्याप्रमाणे” एवढाच शब्द दिसतो. भेटीस आलेले शिक्षक दैनंदिनीवर केवळ सही करून परतले तर हा शब्द तसाच राहतो. त्यांनी पाने उलटून पाहिली, कारखान्याच्या प्रशिक्षण अधिकाऱ्याची गाठ घेतली आणि मूळ कार्यक्रमाची आठवण दिली, तर उरलेले आठवडे तपासणी, देखभाल आणि हत्यार विभाग यांत विभागले जाऊ शकतात. एका विद्यार्थ्याचे निम्मे प्रशिक्षण वाचविण्यासाठी बहुधा अर्ध्या तासाचे हे संभाषण पुरते.

शिकाऊ उमेदवारांच्या बाबतीत अधिनियमानेच याची दखल घेतली आहे. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याला नगावर मजुरी देता येत नाही व उत्पादनावर आधारलेल्या बोनस योजनेत त्याला सहभागी करता येत नाही. कारण तसे झाले तर शिकण्यापेक्षा नग मोजण्याकडे त्याचे लक्ष लागेल. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मान्यतेवाचून त्याला जादा वेळ काम करावयास लावता येत नाही आणि अशी मान्यता प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताच्या कारणासाठीच द्यावयाची असते. त्याच्या प्रगतीची नोंद ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. कारखान्यातील आरोग्य, सुरक्षितता व कल्याण यांविषयीच्या तरतुदींचा लाभ त्याला कामगाराप्रमाणेच मिळतो आणि प्रशिक्षणाच्या ओघात अपघाताने इजा झाल्यास भरपाईचा हक्कही असतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. प्रशिक्षण संपले की त्याच कारखान्यात नोकरी मिळते, असे अनेक कुटुंबे गृहीत धरतात. करारात तशी अट नसेल तर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही आणि ती स्वीकारण्याचे बंधन उमेदवारावरही नाही. म्हणूनच प्रशिक्षणाच्या काळात खरोखर काय हाती आले, याला महत्त्व आहे. नोकरी कोठेही मिळो, कौशल्य उमेदवाराबरोबर जाते.

विद्यार्थिनींचा प्रश्न

तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुली आता सर्व शाखांत दिसतात. पुण्याच्या परिसरात केवळ महिला कर्मचाऱ्यांनी मोटारींची जुळणी करावी, असा विभागही एका मोठ्या कारखान्यात उभा राहिला आहे. तरीही प्रशिक्षणासाठी परगावी जाण्याचा प्रसंग आला की मुलीचे पाऊल घरातच अडते. राहण्याची सोय, जाण्यायेण्याचे साधन आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता या पालकांच्या शंका रास्त आहेत आणि त्यांना नेमकी उत्तरे देणे हे संस्थेचे काम आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी व शिकाऊ उमेदवार महिलांनाही लागू आहे आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. समितीतील सदस्यांची नावे विद्यार्थिनीला पहिल्याच दिवशी ठाऊक असली पाहिजेत.

कोणी काय करावे

शिक्षकांनी विद्यार्थ्याला पाठविण्यापूर्वी कारखान्याकडून आठवडावार कार्यक्रम लेखी घ्यावा, मध्यंतरी किमान एकदा प्रत्यक्ष भेट द्यावी आणि दैनंदिनी वाचावी. परत आल्यावर विद्यार्थ्याने खालच्या वर्गातील मुलांसमोर आपला अनुभव सांगावा, असा पायंडा पाडल्यास एकाच्या प्रशिक्षणाचा लाभ साठ जणांना होतो.

ग्रामपंचायतींनी आपल्या गावातील कोणती मुले-मुली तांत्रिक शिक्षण घेत आहेत व प्रशिक्षणासाठी कोठे गेली आहेत, याची साधी नोंदवही ठेवावी. शहरात स्थिरावलेल्या गावकऱ्यांची गाठ घालून दिली तर नव्या मुलाचा राहण्याचा प्रश्न पुष्कळदा सुटतो. कराराची प्रत, विद्यावेतन बँकेत जमा होण्याची व्यवस्था आणि अपघाताच्या वेळी कोणाशी संपर्क साधावयाचा, या तीन गोष्टी घरच्यांना माहीत आहेत का, एवढे विचारले तरी मोठे काम होते.

अधिकाऱ्यांनी किती उमेदवार कारखान्यांत गेले या आकड्यावर समाधान मानू नये. त्यांपैकी किती जणांना ठरलेल्या सर्व विभागांत काम करावयास मिळाले आणि किती जणांनी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविले, हे पाहिले तरच योजनेची खरी फलश्रुती कळते.

कारखान्यांचेही यात हित आहे. आज यंत्रे संगणकाच्या आज्ञेवर चालतात व कित्येक ठिकाणी जोडकाम यंत्रमानव करतात. परंतु गरम दांड्याचे माप फसवे असते, हे ओळखणारा आणि आपली चूक आपण होऊन सांगणारा माणूस घडवावाच लागतो. तो घडविण्याची जागा काही अंशी वर्गखोली आहे आणि काही अंशी कारखाना. गावातून निघालेला विद्यार्थी या दोहोंच्या मध्ये एकटा पडू नये, त्याने काही दिवस भाता अवश्य ओढावा, परंतु परत येण्यापूर्वी हातोडाही त्याच्या हाती आलेला असावा, हे पाहण्याची जबाबदारी संस्था, उद्योग, शासन आणि गाव या सर्वांची आहे.